शेठनी घड्याळ मागे घेतलं

हाटकेश भागातल्या आमच्या गाळ्यात फ्रेमपेक्षा किस्सेच जास्त साठतात. काम म्हणजे देवाघरी गेलेल्या माणसांचे फाटके फोटो नीट करून द्यायचं, त्यामुळे हसायची पंचाईत. मी कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करते, सावंत छापतात, आणि शेठ सल्ले देतात.

*

माझं काम रोज दुसऱ्या डिस्कवर जावं म्हणून सावंतांनी काळ्या स्क्रीनवर टाइप करायची एक कमांड शोधली. तिथल्या फाइलपेक्षा तारखेने नवी असेल तीच फाइल जाते, जुनीला ती हात लावत नाही. कमांडचा कागद सीपीयूला चिकटवलाय. दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू लागलं.

*

एकदा मी ‘कुठून’ आणि ‘कुठे’ उलटं टाइप केलं. महिनाभरात डिलीट केलेले सगळे फोटो माझ्याकडे परत!

सावंत बघून म्हणाले, “गेलेली माणसं परत आणलीस. आता चहा दे त्यांना.”

*

डोंगरीहून हिराबाई आल्या. पिशवीत नवऱ्याचा भिजलेला, फाटका फोटो. “यो एकुच हाय त्यांचा. कोट घाला त्यांना.”

फोटो ओला होता. म्हटलं, वाळवून आणा. तोवर मी कोट आणि निळा पडदा तयार केला, चेहऱ्याची जागा मोकळी ठेवली आणि हिराबाईंच्या नावाने फाइल सेव्ह केली. कमांडने ती दुसऱ्या डिस्कवर नेली.

*

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरची फुकटची मुदत संपली. म्हटलं, शेठ, आता विकत घ्या.

“उसमें क्या है? घड़ी पीछे कर दो.”

कॉम्प्युटर महिनाभर मागे गेला आणि सॉफ्टवेअर मुकाट चालू झालं. पण आम्ही शोकपत्रिकाही छापतो, त्यांवर तारीख आपोआप पडते. एका गृहस्थांची श्रद्धांजली ते जायच्या तीन आठवडे आधीची छापली गेली. त्यांचा मुलगा पत्रिका बघून म्हणाला, “तेव्हाच दिली असती तर बाबांनी वाचली असती.”



*

हिराबाई वाळलेला फोटो घेऊन आल्या. मी त्याच फाइलमध्ये चेहरा स्कॅन केला, फोटो त्यांना परत दिला आणि चार दिवस डोळे फोडून तो चेहरा जुळवला. मग फोन केला.

“चेरा आला?”

“आला. अगदी स्पष्ट. उद्या छापतो.”

दुसऱ्या दिवशी माझी डिस्क मेली. सावंत म्हणाले, “घाबरतेस कशाला? कमांड आहे ना.”

दुसऱ्या डिस्कवर फाइल उघडली. नुसता कोट. घड्याळ मागे, त्यामुळे माझं नवं काम तारखेने जुनं ठरलं होतं. कमांडने चेहऱ्याला हात लावला नव्हता. शेठ गुपचूप बाहेर निघून गेले. त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

*

हिराबाई आल्या. मी सगळं खरं सांगितलं. म्हटलं, तो फाटका फोटो आणा, मी पुन्हा करते.

“तो दर्यात सोडला. फाटका घरात कशाला ठेवू? तुमीच बोलले ना, चेरा आला.”

हिराबाई खुर्ची ओढून स्क्रीनवरच्या कोटासमोर बसल्या.

“कोट बरा हाय,” त्या म्हणाल्या. “त्यांनी कदी घातला न्हाय. द्या फ्रेम करून.”