रिव्काआजींचा नकार

इस्राएलमध्ये अश्दोदला आमच्या शेजारी रिव्काआजी राहायच्या. एकदा गावात, इंग्रजांच्या काळात भूमिगत राहून लढलेल्या ज्यूंचा सत्कार होता आणि आजी मात्र गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. मी मूळची अलिबागची, तिथे नवीन; मला विचारल्याशिवाय राहवेना.

"आजी, तुम्ही नाही गेलात?"

"तरुणपणी पिठाच्या पोत्यांतून पिस्तुलं नेली मी," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी पकडून मारलं, तरी एकाचंही नाव सांगितलं नाही. पुढे आमच्याच म्होरक्याने हातात टोपली दिली. वर संत्री, खाली बॉम्ब. अरबांच्या भाजीबाजारात ठेवून यायची होती. मी म्हटलं, तिथे बायका पोरांना घेऊन येतात, मी ठेवणार नाही. मला गद्दार म्हणून हाकलून दिलं."

"आणि आता पदक देतायत?"

"मी निरोप पाठवलाय, आधी तो शब्द मागे घ्या."

परक्यांना नाही म्हणताना आपली माणसं पाठीशी असतात. आपल्यांनाच नाही म्हणायचं, तर पाठीशी कोण? मी त्यांच्या हिरव्या झालेल्या बोटांकडे पाहत राहिले. खालून बँड वाजत गेला.

"वाजवू दे," आजी म्हणाल्या. "मी घरीच आहे. जिना त्यांनी चढायचा."