केलरबाईंनी नाकारलेलं काडतूस

केलरबाईंनी मला कधी ‘गुटन मॉर्गन’ म्हटलं नाही. भेटल्या की तळहात पुढे करायच्या. मी पिस्तूल रिकामं करून मॅगझिन त्यावर ठेवायचं. मग त्या वरचं एक काडतूस अंगठ्यानं काढून, चष्मा कपाळावर सरकवून न्याहाळायच्या आणि नापसंत पडलं की स्वतःच्या खिशात टाकायच्या. ते परत मिळायचं नाही. ही बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, ते आता तरी कशाला लपवू?

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नजवळच्या जंगलाचा एक तुकडा शिकारीसाठी त्यांच्याकडे भाडेपट्ट्यानं होता. मी नाशिकचा मेकॅनिकल इंजिनिअर. इथे नोकरीत स्थिरावल्यावर शिकारीच्या परवान्याचं खूळ डोक्यात शिरलं. परीक्षा पास झालो, तरी कुणाच्या तरी रानाची लेखी परवानगी लागतेच. ती केलरबाईंनी उपकार केल्यासारखी दिली. अट एकच : रस्त्यावर गाडीनं उडवलेलं जनावर तडफडत असेल, तर पोलिसांचा फोन येताच जायचं आणि गोळी घालून त्याला सोडवायचं. त्यासाठी मी जाकिटाखाली मावेल असं आखूड नळीचं पिस्तूल घेतलं.

आता त्यात काडतूस कोणतं बाळगायचं? मी एक्सेलमध्ये सात कंपन्यांचे आकडे मांडले आणि सगळ्यांत जास्त वेगाचं, सगळ्यांत जास्त ताकदीचं निवडलं. आम्ही बारावीच्या टक्केवारीवर वाढलेली माणसं, मोठा आकडा दिसला की हात जोडतो. बाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“हे आकडे लांब नळीतून काढलेत. तुमची नळी बोटाएवढी. दारू बाहेरच जळणार, जाळ आणि आवाज तेवढा वाढणार. आल्झो, तर मग, नेमबाजीच्या रेंजवर जा. तुमच्याच पिस्तुलातून पन्नास झाडा, आणि तुमचा हात काय म्हणतो ते ऐका.”

घरी मेघना, माझी बायको, म्हणाली की अहो, त्यांचं आयुष्य गेलंय यात, ऐका की. पण त्या बाईचं ऐकायचं माझ्या जिवावर आलं. मी रेंजवर गेलोच नाही. बाईंना मात्र ठोकून दिलं की पन्नास झाडून आलो, उत्तम चालतंय. त्या दिवशी त्यांनी काडतूस खिशात टाकलं नाही. पुसून माझ्या हातात परत दिलं.

नोव्हेंबरात, ऑफिसला निघता निघता पोलिसांचा फोन आला. रस्त्याच्या कडेला हरिणी पडली होती, मागचे दोन्ही पाय मोडलेले. केलरबाई माझ्याआधीच पोचल्या होत्या, पण मला पाहून बाजूला झाल्या. “तुमची,” एवढंच म्हणाल्या.

मी घोडा दाबला. असा दणका आणि असा जाळ माझ्या हातानं कधी अनुभवलाच नव्हता. हात उडाला आणि गोळी तिच्या खांद्यात गेली. दुसरं काडतूस नळीत शिरतानाच अडकलं. मी खटपट करत राहिलो, आणि ती मान उचलून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी बाईंनी मला कोपरानं ढकललं आणि आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरनं एका गोळीत काम संपवलं. हॅट काढून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग विचारलं, रेंजवर खरोखर किती झाडल्या होत्या. एकही नाही, मी म्हणालो. त्यांनी तिथेच, पोलिसांसमोर, माझा परवानगीचा कागद मागून घेतला आणि फाडला.

इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. तरी आठवड्यानं मी माफी मागायला फोन केला.

“माफी माझ्याकडे मागू नका,” त्या म्हणाल्या. “जिच्याकडे मागायची होती, तिला तुम्ही दोन मिनिटं ताटकळत ठेवलंत.” आणि फोन बंद.

पुढे दुसऱ्या एकाच्या रानाची परवानगी मिळाली. तोवर मी रेंजवर तीन प्रकारची काडतुसं, प्रत्येकी पन्नास, झाडून पाहिली होती. जे शेवटी हाताला पटलं, त्याचे आकडे माझ्या तक्त्यात सर्वांत खाली होते. त्याचाही मला बाईंवरच राग आला.

यंदा मार्चमध्ये पुन्हा तसाच फोन आला, पुन्हा एक हरिणी. एकच गोळी पुरली. गाडीत बसलो आणि केलरबाईंचा नंबर काढला. शाबासकी नको होती, त्यांचं तोंड बंद करायचं होतं. फोन त्यांच्या मुलानं उचलला. आई फेब्रुवारीतच गेली, म्हणाला. काही निरोप होता का?

काही नाही, म्हणालो. इतकं बोलायचं असताना बाई निघून गेल्या, याचा राग अजून गेलेला नाही.