तांबड्या शिंगांचा मोर्चा

आता कुठून सुरू करू? मी मुळात हळू बोलणारा. राग आला तरी तोंडापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. पण त्या दिवाळीत आला तो असा आला, की आजही आठवलं तर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते!

सत्तर-बहात्तर सालची गोष्ट. कोल्हापुरात म्हशींवर बुळकांडी आली होती. जनावराला जुलाब लागायचे आणि चार दिवसांत दावं रिकामं. माझी चंद्री म्हणजे माझी लेकच. लस कधी येते, याकडे डोळे लावून बसलो होतो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. नवेच होते, नागपूरकडचे. वरच्या गल्लीत सगळ्या म्हशींना टोचलं. आमच्या गल्लीत मात्र प्रत्येक गोठ्यात नुसते डोकावले आणि चालू लागले! मी "अहो सायेब..." म्हणेपर्यंत कोपऱ्यावरून दिसेनासे.

आमच्या म्हशी काय दगडाच्या? डोकंच फिरलं. दारोदार गेलो. शेजारचे किस्नातात्या म्हणाले, "तू बोलतुयास म्हंजी खरंच आग लागल्या! चला रं, सोडा म्हसरं!"

वीस म्हशी घेऊन दवाखान्यावर गेलो. पुढं कोण? मी! टेबलावर मूठ आपटली.

"आमच्या म्हशी मराय सोडल्यासा व्हय? पगार कशाचा घेतासा?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, तुमच्या म्हशींना लस झाली आहे."

"कुणी टोचली? भुतानं?"

"शिंगं बघा ना. टोचलं की आमची माणसं शिंगांना तांबडा रंग लावतात. मला वाटलं, ही गल्ली आमच्या दुसऱ्या टोळीनं उरकली."

वीस म्हशी. चाळीस तांबडी शिंगं. आणि सगळी गल्ली माझ्याकडं बघायला लागली.

काय झालं होतं, पाडव्याला म्हशी नटवून मिरवायच्या, म्हणून मी चंद्रीची शिंगं रंगवली. डब्यात रंग उरला. बाकीच्यांनी आपापल्या म्हशींना नुसते हार घातले होते. ती कोरडी शिंगं बघवेनात हो! एकेकीला लावत गेलो.

"आधी टोचा, सायेब," मी पुटपुटलो. त्यांनी लगेच टोचलं. आमच्या गल्लीतली एकही म्हैस गेली नाही, एवढं देवानं राखलं.

टोचून झाल्यावर डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "ही गल्ली राहिली कशी, कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिवा की," किस्नातात्या कडाडले, "हितं एक जनावर रंगाचा डबा घिऊन फिरतंय. त्येच्यावर लस न्हाय!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते तसंच लिहिलं, आणि खाली माझी सही घेतली.