मामांच्या चपला

चितेगावला आमच्या शेजारी राहणारे मामा ट्रकच्या केबिनमध्ये कधी चपला घालून चढले नाहीत. खाली काढायच्या, उचलून सीटमागं ठेवायच्या, स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा, मगच चावी. कुणी तसंच चढलं की ओरडायचे, "देवळात असाच जातो का रं?"

जुना ट्रक विकून एसी केबिनचा नवा घेतला, तेव्हा त्यांनी मलाही शहरात नेलं. शोरूमसमोर हार घातला, नारळ फुटला. मामा अनवाणी चढले आणि आनंदात चपला उचलायच्याच विसरले. गाडी निघाली तसा सेल्समन चपला घेऊन मागं पळाला. "काका, चपला राहिल्या!"

मामांनी ऐटीत काच खाली केली. "राहू दे तिथंच. दुसरी गाडी न्यायला यायचंच हाय."