धुक्यातली दुसरी महाराणी

मी बोलायची थांबले, पण माझे शब्द काही थांबले नाहीत. बिनसलं ते इथूनच! चहा घ्या, पण हसायचं शेवटी हं.

आमच्या हौशी मंडळानं जुनं संगीत नाटक बसवायला घेतलं आणि महाराणी चक्क मी! पण सोमवारपर्यंत अवघड शब्द जिभेवर बसले नाहीत, तर महाराणी दुसरी आणि मी तिची दासी. 'प्रक्षुब्ध', 'पाषाणहृदयी' आणि तो मेला 'किंकर्तव्यविमूढ'! म्हणजे, काय करावं हेच न सुचलेला. सोसायटीत ओरडायची सोय नाही, म्हणून कोळवण गावी, भातशेती करणाऱ्या शांतामावशींकडे चार दिवस भाड्यानं खोली घेतली.

पहिल्याच संध्याकाळी मावशी हातात मोबाइल धरून अर्धा तास माझ्यासमोर ओट्यावर!

"आनखी जोरात म्हन की! लई भारी वरडतीस!"

पहिली प्रेक्षक मिळाली हो! मी गळा फाडला. मग नेहमीसारखी, भीती वाटू नये म्हणून कानात बोळे घालून झोपले.

सकाळी बांधावर गेले. भात पिकायला आलेलं, धुकं असं की स्वतःची चप्पल दिसेना. "प्रक्षुब्ध!" म्हणून मी थांबले.

आणि भातातून एक बाई म्हणाली, "पाषाणहृदयी!"

प्रतिध्वनी? अहो, प्रतिध्वनी मागचा शब्द म्हणतो. हा यादीतला पुढचा होता!

"क... कोण आहे?"

"किंकर्तव्य... विमू... मूढ!" बाई अडखळली. नेमकी मी अडखळते तिथंच. मग शिंकली. मग म्हणाली, "अय्या, परत!"

आवाज माझा होता.

मी इथं तोंड मिटून उभी, मग तिकडं कोण? मी गेले की काय? चिमटा काढला. दुखलं. पण गेलेल्यांनाही दुखत असेल, विचारणार कोणाला? मोबाइलला रेंज नाही, पाय चिखलात. त्या मेल्या शब्दाचा अर्थ तेव्हा जन्माचा पाठ झाला!

"मावशीऽऽ!"

"नराधमा, चालता..." ती माझ्याच गळ्यातून गरजली आणि कोणी तोंड दाबावं तशी मध्येच गप्प झाली.

मग भात हलायला लागलं. सळसळ थेट माझ्याकडं. मी बांधावर बसकण मारली.

"मावशी... मावशी हो..."

"ओऽऽ! आले, आले!"

धुक्यातून आधी भोंगा आला, मग तो काखेत मारलेल्या मावशी.

"ह्यो बंद कराय गेलते. रानडुकरं भात खात्यात, म्हून रातभर मानसाचा आवाज लावतो आमी. ह्यांचा लावला तर मेली हितंच लोळायची. काल तुजा मोबाइलात भरून लावला, एक बी फिरकलं न्हाई बग!"

मावशींनी मायेनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जरा काळजीनं विचारलं,

"पन पोरी, नाटकाला मानसं तरी थांबतील न्हवं?"