नॉर्मंड तिबोचे खडे बोल

नॉर्मंड तिबो आमच्या गावात घरोघरचे बॉयलर दुरुस्त करतो. हातात कसब आहे, पण जिभेला हाड नाही. पाच वर्षांपूर्वी त्यानं ‘खडे बोल’ नावाचा ब्लॉग काढला, आणि तेव्हापासून त्यानं धुतलं नाही असा माणूस गावात शोधावा लागेल. माझ्यावरही एकदा लिहून झालंय, चर्चच्या जेवणातल्या माझ्या शेंगांच्या भाजीवरून. कनेटिकटमधलं हे एवढंसं गिरणीचं गाव, त्यात ब्लॉगवाले तीन, आणि तिघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

या ऑगस्टात त्याची बहीण क्लोडेट राज्याच्या विधानसभेसाठी पक्षाची उमेदवारी मागत होती. ती शाळेतली नर्स. उमेदवार कोण, हे आमच्याकडे पक्षात नाव नोंदवलेले मतदारच मतदान करून ठरवतात. क्लोडेट एका मतानं हरली. फेरमोजणी झाली, तरी एकच मत. बरोबरी झाली असती तर पुन्हा मतदान घ्यावं लागलं असतं.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या हॉलमध्ये यादीपाशी बसले होते, पट्टी आणि लाल पेन घेऊन. माणसानं नाव सांगितलं की त्यावर रेघ मारायची, एवढंच माझं काम. सकाळी सहाला पहिला आला तो नॉर्मंड. यादीत त्याचं नावच नाही. मी दोनदा शोधलं. मग त्याचं त्यालाच आठवलं. दोन वर्षांपूर्वी गटाराच्या कंत्राटावरून भडकून त्यानं पक्ष सोडला होता. नगरपालिकेत तसा अर्ज दिला आणि त्याचा फोटोही ब्लॉगवर मिरवला. राग निवला, पण परत नाव नोंदवायचं राहूनच गेलं. त्याची मुदत आदल्या दुपारी संपली होती.

“रीटा, कुणाला बोलू नकोस,” तो म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं. मी कुणाला बोलले नाही.

निकाल लागला आणि ब्लॉगवाल्यांच्या अंगात आलं. हॉबार्ट मास्तरांनी लिहिलं, “तिबो घराण्याला गावानं नारळ दिला.” ‘गिरणीचा भोंगा’ या नावाआड लपून लिहिणाऱ्यानं लिहिलं, “असला भाऊ असल्यावर बाईला शत्रू कशाला हवेत?” नॉर्मंडनं मात्र कहर केला. नगरपालिकेतून कुणी मतदान केलं त्याची यादी आणली, आणि अंगणात क्लोडेटच्या प्रचाराची पाटी लावूनही मतदानाला न आलेल्या चौदा जणांची नावं छापली. वर मथळा, ‘या घरबशांनी माझ्या बहिणीचा गळा कापला.’ पहिलंच नाव स्टेला म्रोझचं. वय एक्याऐंशी, जुलैत खुब्याचं हाड मोडून पडलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेलाला भेटून आले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तडक कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये गेले. बहीणभाऊ समोरासमोर बसले होते, अंडी तशीच गार पडलेली.

“नॉर्मंड, स्टेलाचं नाव काढ.”

“का म्हणून? एक मत, रीटा. एक. कुबड्या घेऊन आली असती तर काय बिघडलं असतं?”

“काल कुणीतरी तिला फोन करून म्हणालं, पडलीस तेव्हाच मेली असतीस तर बरं झालं असतं.”

“मी थोडाच केला फोन?”

“बरं. मग तुझ्या यादीत एक नाव राहिलंय बघ. तू लिहितोस की मी सांगू?”

तो क्लोडेटकडे वळला. “क्लोडेट, मी त्या दिवशी…”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “जूनपासून माहितीये. अख्खा उन्हाळा पक्षाच्या मतदारांची यादी घेऊन दारोदार हिंडले ना मी. पहिल्याच दिवशी आपल्या गल्लीचं पान काढलं. तुझं नाव नव्हतं.”

“अगं मग सांगायचंस ना. पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हाच्या तेव्हा जाऊन अर्ज भरला असता.”

“दोनदा आले होते तुझ्या दारापर्यंत. दोन्ही वेळा मागे फिरले. तुझी चूक दाखवली की दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर माझी पाळी. तुझं गिऱ्हाईक तो रेमी, त्यानं तुझं बिल चुकलंय म्हटलं, तर तू ब्लॉगवर त्याच्या बायकोपर्यंत गेलास. निवडणुकीच्या तोंडावर तसलं काही नको होतं मला. सख्खा भाऊ आहेस, पण मला तुझी भीती वाटली, नॉर्मंड.”

ती पर्स घेऊन उठली आणि शाळेत निघून गेली. तो तिथंच बसून राहिला. त्याला समजवावं असं काही मला वाटलं नाही, मीही निघाले.

दुपारपर्यंत चौदाही नावं निघाली होती. त्या जागी एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं, आणि खाली सगळी हकिगत. मग काय, गावाला रानच मोकळं मिळालं. हॉबार्ट मास्तर, भोंगा, ज्यांची नावं छापली होती ते, ज्यांची नव्हती ते, सगळे तुटून पडले. दोनशे प्रतिक्रिया मी मोजल्या, एकीलाही त्यानं उत्तर दिलं नाही. मी वाचत बसले होते, वाटलं होतं फार बरं वाटेल. नाही वाटलं. त्या दोनशेंत क्लोडेटची एक ओळ सापडते का, तेच मी बघत होते, आणि तोही तेच बघत असणार. ती नव्हती.