मामांचे ड्रायव्हर

आमच्या मामांच्या मते जगात बिघाड असा नसतोच. असते ती फक्त ड्रायव्हरची उणीव. अकोट डेपोत त्यांनी उभा जन्म एस.टी. चालवली. निवृत्तीनंतर घरी जुना संगणक आणला. त्याचा आवाज येईना, तेव्हा दुकानदार म्हणाला, "आवाज चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नाही." मामांना ते फार लागलं. "माह्या घरच्या मशीनले ड्रायव्हर नाई?" म्हणत ते स्वतःच शिकले, आणि मग गावभर लोकांचे संगणक सुरू करत फिरले. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, पूर्वी लायसन्स असायचं तिथेच. पडद्यावरची प्रत्येक सूचना ते पाटी वाचावी तशी मोठ्यानं वाचत. 'नेक्स्ट' दाबताना कंडक्टरच्या घंटीसारखं तोंडानंच "टिंग टिंग" करत. आणि काम किती झालं ते दाखवणारी निळी पट्टी सरकू लागली की कोणी ब्र काढायचा नाही. "चालकाशी बोलू नये. वाचलं नाई काय कदी?"

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला अमरावतीत होते. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. उद्या प्रकल्प द्यायचा आणि आज लॅपटॉप सुरूच होईना. फोन करताच मामा मिळेल त्या एस.टी.नं आले. त्यांनी पेनड्राइव्हवरूनच नवी प्रणाली चालू केली. सोपं वाटलं म्हणून ती लॅपटॉपमध्ये कायमची टाकायला मीच पुढे सरसावले. 'डिस्कवरचं सगळं पुसायचं?' असं पडद्यावर आलं आणि माझं बोट 'हो'कडे गेलं. मामांनी मनगट धरलं.

"थांब पोरी! सवारी उतरली काय?"

"कोणती सवारी, मामा?"

"तुह्या फायली! गाडी धुवाले टाकाच्या आधी शीटाखाली पाहा लागते."

माझ्या प्रकल्पाची एकुलती एक प्रत आतच होती. ती आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली, मग टिंग टिंग. अर्ध्या तासात लॅपटॉप उभा राहिला, वायफायही आपोआप लागलं. "पाह्य, ड्रायव्हर आधीच शीटवर बसेल हाय!"

आज मी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते. कोणतीही डिस्क पुसण्याआधी मुलांना विचारते, "सवारी उतरली काय?" मुलं हसतात.

मामांना आता पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्याच जुन्या संगणकावर मी नवी प्रणाली टाकली. ते शेजारी खुर्चीवर बसले होते. मी सूचना मोठ्यानं वाचत होते. पट्टी सरकू लागली तसं विचारलं, "मामा, बरोबर करून राहिली ना मी?"

त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं.